प्लायवूडच्या समाधीवरचे पाळणे

तुळजाबाईला माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. तिला माणसं बघून नाक मुरडावंसं वाटायचं, आणि वाटलं की ती मुरडायची. पंगतीत वाढप्यासमोर, लग्नात नवरीच्या आईसमोर, एकदा तर मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्यासमोरसुद्धा.

नांदेडच्या जुन्या वस्तीत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी जुना जनाना दवाखाना आहे. निजामाच्या अमदानीतली दगडी इमारत. उंच कमानी, दोघांनी मिळून लोटावं लागेल असं दार, त्यावर उर्दूत कोरलेली पाटी, आणि आत चौकात एक कडुनिंब. या इमारतीत तुळजाबाईनं तीस वर्षं आया म्हणून काढली. कंधारकडच्या खेड्यात नवरा गेला तेव्हा तिचा हरिओम दीड वर्षाचा होता. दिरांनी जमिनीतला वाटा द्यायचा सोडून सल्ला दिला, की माहेरी जा. माहेरच्यांनी सल्ला दिला, की सासरीच राहा. तिनं दोन्ही सल्ल्यांना लांबूनच हात जोडले, पोराला कडेवर घेतलं आणि नांदेडला येऊन दवाखान्यात कामाला लागली. "सल्ला देणाराचं काय जातंय," असं ती पुढं जन्मभर म्हणत राहिली.

दवाखान्यात तिच्या तोंडाची ख्याती होती. कळा सुरू झालेली बाई किंचाळायला लागली की तुळजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "वरडून लेकरू येत न्हाई बाई. तो जोर खाली लाव." व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्यांना ती सांगायची, "तुमचं काम नऊ महिन्यामागंच झालं. आता वाटंतून बाजूला व्हा." गंमत अशी, की बायकांना तीच हवी असायची. गोड बोलणाऱ्या सिस्टर घाबरल्या की खाटेवरच्या बाईला लगेच कळायचं. तुळजाबाई शिव्या देतेय म्हणजे सगळं नीट चाललंय, असा एक समज होता आणि बहुतेक वेळा तो खराच निघायचा.

बाळंतपण उरकलं की बाळामागून पडणाऱ्या वारेचा प्रश्न यायचा. जवळच्या गावची माणसं वार मडक्यात घालून घरी न्यायची आणि न्हाणीजवळ पुरायची. लांबून आलेल्यांना ते जमत नसे. त्यांची वार तुळजाबाई चौकातल्या कडुनिंबाखाली पुरायची. हातभर खड्डा, हळद-कुंकू, वर माती, आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून एक दगड. त्या काळी कुणी आडवं येत नव्हतं. अशा किती पुरल्या ते तिनं कधी मोजलं नाही. पण त्या झाडाखालून ती कधी चपला घालून गेली नाही, आणि कुणाला जाऊही दिलं नाही. देवाधर्माचं फारसं वेड नसलेल्या बाईचं एवढं एकच सोवळं होतं.

पुढं दवाखाना गावाबाहेरच्या मोठ्या इमारतीत गेला. नोकरीची शेवटची तीन वर्षं तुळजाबाईनं तिथल्या गुळगुळीत फरशीवर काढली आणि ती निवृत्त झाली. जुनी इमारत रिकामी पडली. मग एका ठेकेदारानं ती शूटिंगसाठी भाड्यानं द्यायला घेतली, आणि झाडलोटीला माणूस हवं म्हणून तुळजाबाईला बोलावणं आलं. इमारतीचा कोनाकोपरा ठाऊक असलेलं दुसरं होतं कोण?

तीन वर्षांपूर्वी तिथं एका ऐतिहासिक वेब सिरीजचं शूटिंग झालं. ऐतिहासिक म्हणजे काय, तर राणी मंदाकिनी नावाची एक राणी, जी कुठल्या पुस्तकात नव्हती की कुठल्या पोवाड्यात नव्हती. लेखकाच्या डोक्यातून निघाली आणि थेट घोड्यावर बसली. या राणीला अकरा वर्षं मूल नसतं, मग मुलगा होतो, आणि तो होत असतानाच शत्रू चालून येतो. बाळंतपणाचा प्रसंग त्यांनी नेमका जुन्या लेबर रूममध्ये घेतला. खोलीला मखमली पडदे लावले, समया ठेवल्या, आणि तीस वर्षं जिथं लोखंडी खाट होती तिथं चंदेरी रंगाचा पलंग मांडला.

दिग्दर्शक टोपी घातलेला, आदबीनं बोलणारा होता. कुणीतरी सांगितल्यावरून त्यानं तुळजाबाईला बोलावलं. "आजी, तुम्ही इतकी बाळंतपणं बघितलीत. आम्हाला ऑथेंटिक पाहिजे. सांगा ना, कसं असतं?"

तुळजाबाईनं सांगितलं. रक्ताचं सांगितलं, घामाचं सांगितलं, आणि आणखीही काही काही सांगितलं. दिग्दर्शकाचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे आजी, पण आपल्याला जरा ग्रेसफुल दाखवायचंय."

ग्रेसफुल झालं. राणीच्या डोळ्यातलं काजळ हललं नाही, की केसाची बट विस्कटली नाही. दासीनं कोरडं ठणठणीत बाहुलं वर उचललं, राणीनं त्याच्या कपाळाचा मुका घेतला, उशाखालची तलवार उपसली आणि ती खिडकीतून खाली उडी मारायला निघाली.

"आगं ए बाई!" दाराशी उभी असलेली तुळजाबाई ओरडली. "वार तर पडू दे! वार पोटात ठिवून कुठं चालली लढायला?"

सगळं युनिट हसून लोळलं. हेडफोनवाला तेवढा चिडला, कारण त्याचं रेकॉर्डिंग खराब झालं. शॉट पुन्हा घेतला, तुळजाबाईला चौकाच्या पलीकडे बसवून. राणीनं वारेसकट उडी मारली.

सिरीजच्या शेवटी राणी मरते. तिची समाधी त्यांनी चौकात बांधली, कडुनिंबाखाली. प्लायवूडचा चौथरा, वर प्लास्टर ऑफ पॅरिस, त्याला काळ्या दगडासारखा रंग, दोन पावलं आणि एक दिव्याचा कोनाडा. चार सुतारांनी दीड दिवसात समाधी उभी केली, चपला घालून. तुळजाबाईनं त्यांना झाडाखाली काय आहे ते सांगितलं. सुतार म्हणाले, "मावशी, आम्ही खोदणार नाही, नुसतं ठेवणार." शूटिंग संपलं, मंडळी ज्या घाईनं आली त्याच घाईनं गेली, आणि समाधी तिथंच राहिली. ती काढायचा खर्च कोण करणार? ठेकेदार म्हणाला, राहू द्या, लोक बघायला येतील.

आणि लोक आले. हे मात्र तुळजाबाईच्या कल्पनेतही नव्हतं. इतकी वर्षं या इमारतीकडे मान वळवून न बघणारी माणसं आता लातूर, उदगीर, परभणीहून गाड्या करून येऊ लागली. लातूरचा रविकिरण नावाचा एक इसम 'शूटिंग दर्शन' अशी पाटी लावलेली मिनीबस घेऊन येई. एका दिवसात तीन ठिकाणं, दुपारचं जेवण धरून. डोळ्यांवर गॉगल, तोंडापुढं माईक. पंधरा माणसं चौकात उभी आहेत आणि हा माईकमध्ये ओरडतोय, "याच ठिकाणी, सोळाशे त्रेपन्न साली, राणीसाहेबांनी देह ठेवला!"

"निजामाच्या राज्यातली इमारत हाय ही," तुळजाबाई खराट्यावर हात टेकून म्हणाली. "मग राणी आधी मेली आन् वाडा मागून बांधला का?"

रविकिरणनं माईक बाजूला धरला. "आजी, पब्लिकला स्टोरी लागती. तुमच्या दवाखान्याची कुणाला पडलीय?"

खरंच कुणाला पडली नव्हती. एकदा लातूरचे एक हायस्कूलचे मास्तर आले, बायको-मुलांसह. राणीच्या शयनगृहात, म्हणजे लेबर रूममध्ये, भाड्याची तलवार हातात घेऊन ते फोटो काढून घेत होते. बोलता बोलता म्हणाले, "माझा जन्म नांदेडचाच. जन्माच्या दाखल्यावर जनाना दवाखाना लिहिलंय. कुठं होता हो तो?"

"तुम्ही उभं हाय तिथंच," तुळजाबाई म्हणाली. "त्या खिडकीकडं डोकं करून आई निजली असंल तुमची."

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. "अरे वा!" म्हणाले. मग तलवार जरा उंच धरली आणि मुलीला म्हणाले, "आता उभा मोबाईल धर, आडवा नको." तुळजाबाई बाहेर आली आणि कोपऱ्यात थुंकली. या माणसाच्या आईनं याच्यापायी तिथं किती तास काढले असतील, आणि याला फोटो उभा पाहिजे की आडवा याची काळजी. असल्या माणसांच्या हाताखाली पोरं शिकतात म्हटल्यावर पुढं बोलायचं काय, असं तिनं तोंडातल्या तोंडात विचारलं आणि फरशीवरचे वेफरचे कागद गोळा करायला लागली.

पाळण्यांचं खूळ मागच्या वर्षी निघालं. रविकिरणच्या बसमधल्या एका बाईनं सिरीज बघून समाधीशेजारच्या फांदीला खणाचा छोटा पाळणा बांधला. राणीला अकरा वर्षांनी मूल झालं, मला आठ वर्षं झालीत, एवढाच तिचा विचार. रविकिरणनं ते बघितलं आणि पुढच्या सोमवारी माईकवर जाहीर करून टाकलं, की राणीसाहेब नवसाला पावतात. झालं! महिन्याभरात दर सोमवारी बायकांची रांग लागली. प्लायवूडवर नारळ फुटू लागले. एकदा नारळाच्या दणक्यानं चौथऱ्याचा कोपरा फुटला आणि आतून पिवळा भुसा सांडला. बायकांनी तो पदराला बांधून घरी नेला.

तुळजाबाईनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. खाली हातभर मातीत खऱ्याखुऱ्या शेकडो बाळांच्या वारा पुरलेल्या, आणि वर ही माणसं भुशाला हात जोडतात. सांगून बघावं तर कोण ऐकणार? शहाण्याला शब्दाचा मार, पण इथं शहाणा होता कोण? तिनं सांगणं सोडलं आणि आपल्या पद्धतीचा बंदोबस्त केला. संध्याकाळी फाटक लावायच्या आधी ती कात्री घेऊन झाडाखाली जायची आणि फांद्यांना बांधलेले सगळे पाळणे सटासट कापायची. लाकडी असोत, कापडी असोत, पुठ्ठ्याचे असोत. गोणीत भरायची आणि कचऱ्याच्या गाडीत द्यायची. एकेक बघत बसायचा प्रश्नच नव्हता. कचरा कुणी निवडून बघतं का?

एका सोमवारी देगलूरकडची रत्नम्मा नावाची बाई सुनेला घेऊन आली. सून जेमतेम पंचविशीची, डोळे सुजलेले. रत्नम्मा पाळणा बांधायला फांदी शोधत होती. तुळजाबाई नुकती झाडून उभी राहिली होती आणि तिच्या तोंडाला खाज सुटली.

"सुनंला डॉक्टरला दावलं का?"

"दावलं की. तीन डॉक्टर झाले. हिच्यात काही न्हाई म्हणतेत."

"आन् पोराला?"

रत्नम्मानं एक फांदी खाली ओढून घेतली.

"पोराला तपासलं का, म्हणून राहिले मी!"

"त्याला काय झालंय?" रत्नम्मा फणकारली. "चांगला दांडगा हाय. दोन पोती उचलतो."

"पोती उचलून लेकरं होत असती तर मोंढ्यातल्या हमालांच्या घरात जागा पुरली नसती," तुळजाबाई म्हणाली. "दांडगा दिसणारा वळू बी रिकामा निघतो, शेतकऱ्याच्या घरची दिसतीस, तुला सांगाय पायजे का? तीस वर्ष मी या दवाखान्यात सासवा बघितल्यात. सुनंला चार दवाखाने फिरवतील, उपास करायला लावतील, लाकडाच्या समाधीपुढं लोटांगण घालायला लावतील. पण आपल्या पोटच्या गोट्याला तपासायचं म्हणलं की ह्यांची दातखीळ बसती. लाजा वाटू द्या जरा!"

रत्नम्मा सुनेचा हात धरून तरातरा निघून गेली. सुनेनं जाताना एकदा मागं वळून बघितलं. तुळजाबाईला बरं वाटलं. असं बरं तिला महिन्यातून एकदोनदा तरी वाटायचं, आणि त्यावरच तिचा महिना निघायचा.

तेव्हा चौकाच्या कडेला तिची स्वतःची सून वर्षाराणी जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

वर्षाराणी लोह्याची. लग्नाला नऊ वर्षं झालेली, घरात पाळणा हललेला नाही. तुळजाबाईला एका गोष्टीचा फार अभिमान होता. नऊ वर्षांत तिनं सुनेला या विषयावरून एक टोमणा मारला नव्हता. शेजारपाजारच्या बायकांना ती छाती पुढं काढून सांगायची, "इचारा तिला, मी कधी एक शबूद बोलले का?" ते खरंही होतं. शब्द एकही बोलली नव्हती. बरा नाही, वाईट नाही. वर्षाराणी नव्या दवाखान्यातून तपासून यायची, कागद टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवायची, आणि घरात त्यावर कुणी काही बोलायचं नाही. हरिओम टायरच्या दुकानात कामाला होता. चाळिशीला टेकलेला. घरी आला की हातपाय धुऊन मोबाईल घेऊन पलंगावर आडवा व्हायचा. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "होईल की. घाई कसली हाय?" तुळजाबाई तेव्हा भाजी निवडत असायची आणि भाजीच निवडत राहायची.

डबा द्यायला वर्षाराणी रोज बारा वाजता यायची. तुळजाबाई मागच्या ओसरीवर जेवायला बसली की ती लगेच घरी जायची नाही, चौकात रेंगाळायची. तुळजाबाईला वाटायचं, ही पण त्यातलीच. घरी मोबाईलवर ती सिरीज बघते, इथं येऊन राणीची खिडकी बघते. तोंडावर ती काही बोलली नाही, पण मनात सुनेलाही तिनं त्या मिनीबसमध्ये बसवून टाकलं होतं.

रत्नम्माच्या प्रसंगानंतर तीनेक आठवड्यांनी, एका मंगळवारी, डबा आलाच नाही. तुळजाबाई दीडला घरी गेली. उंबऱ्याशी एक फुगलेली बॅग होती. वर्षाराणी चप्पल घालून खुर्चीवर बसली होती, रिक्षाची वाट बघत.

"कुठं निघालीस?"

"लोह्याला."

"कोण आजारी हाय का?"

"न्हाई आत्या. राहायला चालले." वर्षाराणीचा आवाज अगदी साधा होता. भाजी संपली, असं सांगावं तसा. "भात केलाय. वरण गरम करून घ्या."

तुळजाबाई दारातच बसली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला, किंवा तिला तसं वाटलं. "त्या राणीपुढं नवस केलतास का तू? पाळणा बांधलतास?"

"बांधला. तीन सोमवार."

"आन् पाळणा फांदीवर राहिला न्हाई म्हणून निघालीस व्हय?" तुळजाबाईला हसू आलं, तेच जुनं, नाक मुरडायचं हसू. "आगं येडे, राणीनं न्हाई, मीच कापले ते. रोज सांजच्याला कापून गाडीत टाकते. ती समाधी लाकडाची हाय, भुशाची! इतकी शिकलेली तू, बारावी पास, आन् त्या गॉगलवाल्याच्या नादी लागलीस?"

"लाकडाची हाय ते मला ठाव हाय," वर्षाराणी म्हणाली. "आमच्या व्यंकटदादाचा मंडप डेकोरेशनचा धंदा हाय. प्लायवूडमध्येच वाढले मी. पहिल्या दिवशी बघितलं तव्हाच कळलं, किती एमएमचं हाय ते."

"मग बांधलास कामून?"

वर्षाराणीनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"तुम्हाला दिसावा म्हणून. तुमच्या हिरव्या लुगड्याचा काठ कापून शिवला होता मी पाळणा. तेच लुगडं, निवृत्तीच्या दिवशी सिस्टर लोकांनी दिलेलं. म्हणलं, खराटा घेऊन फिरत्यात, हाताला लागंल, वळखतील. घरी येऊन मला इचारतील, बाई, काय गं हे. न्हाई दिसला. म्हणलं, राहिला असंल नजरंतून. दुसऱ्या सोमवारी तसाच शिवला, खालच्या फांदीला बांधला. तिसऱ्या सोमवारी तर तुमच्या खराट्याच्या दांड्याला बांधला होता, आत्या."

तुळजाबाईला तो आठवला. खराट्याला काहीतरी हिरवं लोंबत होतं. तिनं कात्री मारली होती आणि वर शिवीही हासडली होती, की आता काय खराट्यालाही नवस बोलायला लागले लोक.

"मला तोंडानं का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू? माझे तीन रिपोर्ट टीव्हीखाली हायेत. तुम्ही झाडताना रोज बाजूला सारता. डॉक्टरीणबाई दर खेपंला म्हणतेत, नवऱ्याला घेऊन या. मी ह्यांना म्हणते, तर हे भिंतीकडं तोंड करतेत. ते फक्त तुमचं ऐकतील. त्या देगलूरच्या बाईला तुम्ही बोललात न्हाई का, तव्हा मी डबा घेऊन मागं उभी होते. मला वाटलं, आता सांजच्याला घरी येतील आन् ह्यांनाबी तसंच बोलतील. मी सैपाक करत दाराकडं कान लावून बसले होते." तिनं बॅगेची चेन ओढून बघितली. "तुम्ही आलात, आन् इचारलं, भाजी कशाची केलीस."

गल्लीत रिक्षा थांबली. वर्षाराणीनं बॅग उचलली. तुळजाबाई उठून दारातून बाजूला झाली, कारण बाजूला झाल्याशिवाय तिला जाता आलं नसतं. "थांब गं," असं ती म्हणाली, पण ते इतकं हळू म्हणाली, की तिचं तिलाच धड ऐकू गेलं नाही. असलं हळू बोलायची तिच्या तोंडाला सवय नव्हती.

रिक्षा गेल्यावर तिनं टीव्हीखालचे कागद काढले. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर कागदावर कुठं बघायचं ते कळत होतं. सगळ्या कागदांवर, सगळ्या खान्यांत तोच एक शब्द होता, नॉर्मल. हे तिला आधीच ठाऊक होतं. अगदी आज नाही, सहा वर्षांपासून ठाऊक होतं. डोळे होते ना तिला! आणि दुसरंही एक ठाऊक होतं, की हरिओमला तपासलं आणि त्याच्यात काही निघालं, तर आपण कडेवर घेऊन आणलेल्या, एकटीनं वाढवलेल्या पोराबद्दल गल्ली काय बोलेल. त्यापेक्षा लोकांनी सुनेकडे बोट दाखवलेलं तिला परवडत होतं. टोमणा मारायचं काम गल्ली फुकटात करत होती. तिनं नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्या गप्प बसण्याची बढाई मारायची होती. तिला स्वतःची शिसारी आली. तोंडावर पदर घेऊन ती बराच वेळ रडली, आणि रडतानाही तिला रत्नम्माचा चेहरा दिसत होता.

हरिओम सात वाजता आला. बायको गेल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. हातपाय धुऊन तो पलंगावर बसला आणि मोबाईल हातात घेत म्हणाला, "येईल चार दिवसात. भाऊ किती दिस ठिवून घेणार हाय?"

तुळजाबाईनं त्याच्याकडे बघितलं. चौकात फोटो काढणाऱ्या माणसांकडे ती जशी बघायची, तसं तिनं आपल्या पोराकडे उभ्या जन्मात प्रथमच बघितलं, आणि तिला तो नीट दिसला.

"फोन ठिव. उद्या सुट्टी सांग दुकानात. दवाखान्यात जायचं हाय."

"कुणाला काय झालं?"

"तुला तपासायचं हाय."

हरिओमचं तोंड लाल झालं. "आई, डोकं फिरलं का तुझं? तिथं सगळे वळखीचे हायेत. सगळ्या सिस्टर तुला मावशी म्हणतेत. काय म्हणतील लोक?"

"तुझ्या बायकोला नऊ वर्ष काय म्हणतेत ते इचारलंस का कधी? ती बाई दर खेपंला एकटी जाऊन सुया टोचून घेती, आन् तू भिंतीकडं तोंड करतो. लोकांच्या पोरांना मी गोटे म्हणते, आन् माझ्या घरात मीच एक गोटा पाळून ठिवलाय. उद्या आठ वाजता. न्हाई आलास तर दुकानात येऊन सगळ्या गिऱ्हाइकांपुढं हेच बोलंन. माझं तोंड तुला ठाव हाय."

त्याला ठाऊक होतं. सकाळी आठला तो शर्ट खोचून तयार होता, आणि मान खाली घालून आईच्या मागून चालत होता.

नव्या दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी भरपूर गर्दी होती. बाकांवर पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, कडेवरची पोरं. तुळजाबाई आत येताच दोन आया तिला बघून धावत आल्या. एका सिस्टरनं खिडकीतूनच हाक मारली. किती दिवसांनी आलात, तब्येत कशी आहे, चहा घेणार का, अशी विचारपूस झाली. मग त्या सिस्टरनं तिच्या मागं डोकावून बघितलं आणि लाडानं विचारलं, "मावशी, सुनेला आणलंत का दाखवायला? कुठंय ती?"

बाकांवरच्या चार सासवांनी माना वळवल्या. हरिओमनं आईच्या पदराचं टोक धरलं, लहानपणी धरायचा तसं, आणि हळूच ओढलं.

"सून धडधाकट हाय माझी," तुळजाबाई म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, लेबर रूमबाहेरच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाणारा. "पोराला आणलंय. त्याचं नाव लिव्हा."

सिस्टरनं पेन उचललं आणि वय विचारलं. हरिओमला ते सांगवेना, म्हणून तुळजाबाईनंच सांगितलं.